पळसाचा दंड, उंबराची मेढ

मुंजीच्या मांडवात सगळ्यांच्या नजरा असतात त्या बटूच्या गोट्यावर, नव्या लंगोटीवर आणि भिक्षावळीच्या झोळीत पडणाऱ्या लाडवांवर. त्याच्या हातातल्या काठीकडे फारसे कोणी पाहत नाही. गुरुजी मात्र आदल्या दिवशीच यजमानांना विचारून ठेवतात, ‘दंड पळसाचाच आहे ना?’ सालीसकट तोडलेली, सरळ, मुलाच्या उंचीला जुळणारी ती काठी आणायला पूर्वी घरातला एखादा काका सकाळी सकाळी माळावर जायचा. आता पूजासाहित्याच्या दुकानात लंगोटी, मेखला, खडावा आणि दंड असा सगळा संच एका पिशवीत मिळतो. त्या पिशवीतल्या काठीचे झाड कोणते, हे विचारायचे मग राहूनच जाते.

तो प्रश्न मात्र राहू नये असा आहे. आपल्याकडे विधीची काठी नुसती काठी कधीच नव्हती. ती आपल्या झाडाची गोष्ट, त्याचा चीक, त्याचा टणकपणा, त्याची पाण्याची ओढ असे सगळे घेऊन मांडवात येत असे. तिच्यात काही शक्ती आहे असे लोक मानत, ते त्या झाडामुळे.

पळसापासूनच सुरुवात करावी. त्याचे वैदिक नाव पर्ण. तैत्तिरीय संहितेत त्याच्या जन्माची कथा आहे. सोम तेव्हा तिसऱ्या स्वर्गात होता. गायत्री छंद पक्षी होऊन त्याला आणायला गेला. आणताना सोमाचे एक पान तुटून खाली पडले आणि त्याचा पळस झाला. याच ग्रंथात लगेच पुढे दुसरी कथा येते आणि ती पहिलीपेक्षाही सुंदर आहे. देव आपसांत ब्रह्माविषयी बोलत बसले होते. शेजारी पळस उभा होता. त्याने ते सगळे ऐकले. म्हणून त्याचे नाव सुश्रवा, म्हणजे चांगले ऐकणारा.

आता या कथेच्या उजेडात मुंज पाहावी. मुंज म्हणजे शिकायला निघालेल्या मुलाचा संस्कार, आणि त्या काळात शिकणे म्हणजे ऐकणे. पोथी नव्हती, पाटी नव्हती. गुरूच्या तोंडून निघालेला शब्द कानांत साठवायचा, एवढेच साधन. अशा मुलाच्या हातात ज्याने देवांचे बोलणे ऐकले त्या झाडाची फांदी द्यावी, यात किती विचार आहे! आश्वलायन गृह्यसूत्रात मेधाजनन नावाचा विधी सांगितला आहे. त्यात एकाच मुळावर उभ्या असलेल्या पळसाभोवती पाणी शिंपडतात आणि मुलगा त्या झाडाला सुश्रवा म्हणूनच हाक मारतो. तू चांगला ऐकणारा आहेस तसा मलाही कर, अशी ती विनवणी असते. पळस जवळपास नसेल तर कुशाच्या बेटावर भागवावे, अशी सोयही सूत्रकाराने ठेवली आहे. आठ वर्षांचे पोर झाडासमोर उभे राहून त्याला ‘तुझ्यासारखे कान दे’ म्हणते, यापेक्षा शिक्षणाचा चांगला आरंभ सुचणे कठीण आहे.

पण या दंडाच्या इतिहासात एक बोचणारी बाजूही आहे आणि तिच्यावर पांघरूण घालणे बरे नाही. स्मृतिकारांनी झाडेही वर्णांत वाटून टाकली. मनुस्मृतीप्रमाणे ब्राह्मण मुलाचा दंड बेलाचा किंवा पळसाचा, क्षत्रियाचा वडाचा किंवा खैराचा, वैश्याचा पीलूचा किंवा उंबराचा. उंचीही ठरलेली: ब्राह्मणाचा केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. माणसाची समाजातली पायरी काठीच्या टोकावरून दिसावी, अशी ही योजना. शूद्रांना आणि मुलींना तर या मांडवातच जागा नव्हती.

गंमत अशी की ही वाटणी शास्त्रांनाही एकमताने करता आली नाही. आश्वलायनांच्या मते उंबर क्षत्रियाचा आणि बेल वैश्याचा. म्हणजे जो बेल मनूने ब्राह्मणाला दिला तो इथे वैश्याकडे गेला, आणि वैश्याचा उंबर क्षत्रियाकडे आला. एवढे सांगून झाल्यावर आश्वलायन हळूच म्हणतात की सगळी झाडे सगळ्यांना चालतील. झाडाच्या अंगी वर्ण असता तर सूत्रकारांत असा गोंधळ झाला नसता. ज्या मुलखात जे झाड सहज मिळते तेच तिथल्या ग्रंथात शिरले असावे, असे मानणे जास्त पटते. एका बाबतीत मात्र मनूचे सांगणे कोणत्याही सुताराला मान्य होईल: दंड सरळ असावा, त्याला भोक नसावे, साल असावी, तो आगीने होरपळलेला नसावा आणि दिसायला सौम्य असावा, म्हणजे पाहणाऱ्याला धाक वाटू नये. किडलेली फांदी ओळखण्याचे व्यवहारज्ञान आणि शिकाऊ मुलाच्या हातात हत्यार नको ही समज, दोन्ही त्या एका नियमात आहेत.

लाकडाची ही पारख यज्ञाच्या पळ्यांतही दिसते. तूप आहुतीत घालायची जुहू ही मोठी पळी पळसाची, तिच्याखाली धरायची उपभृत पिंपळाची, वेदीवर ठेवायची ध्रुवा विकंकताची आणि तूप काढायचा स्रुव खैराचा. खैराचे लाकूड जड आणि कठीण. मुसळ आणि नांगर यांसाठी शेतकरी ते अजूनही निवडतो. पळसाचे लाकूड उलट मऊ आणि हलके. उघड्यावर ते लवकर कुजते, पण पाण्याखाली चांगले टिकते, म्हणून विहिरीच्या तळच्या चौकटीला ते वापरले जाई. यज्ञाची पळी कोरणारा माणूस आणि विहीर बांधणारा माणूस एकाच जंगलात वाढलेले होते. झाडांच्या पुराणकथांत अशी हाताची माहिती दडलेली असते. ती बाजूला काढून नुसती कथा सांगितली की ती पोकळ वाटू लागते.

पिंपळाचे या घराण्यात वेगळे स्थान आहे. यज्ञाचा अग्नी घासून काढायच्या अरणी पिंपळाच्या, आणि त्यातही शमीच्या झाडावर उगवलेल्या पिंपळाच्या घ्याव्यात असे सांगितले आहे. शमीच्या पोटात अग्नी आहे ही समजूत त्यामागे आहे. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रे लपवली तीही शमीवरच. पण मराठी मुलांना पिंपळ ओळखीचा आहे तो दुसऱ्याच कारणाने: पिंपळावर मुंजा असतो! मुंज झाली पण सोडमुंज होण्याआधीच जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी ही समजूत. भीतीच्या कथांमध्ये ही एक विलक्षण करुण कथा आहे. हातात दंड आला, शिक्षण सुरू झाले आणि मध्येच थांबले. त्या अर्धवट राहिलेल्या मुलाला लोकांनी पिंपळावर जागा दिली. बालमृत्यू घरोघरी होत त्या काळात या कथेने किती आयांना रडवले असेल!

पळस शिकणाऱ्याचा, तर उंबर संसाराचा. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ रोवली जाते ती मुहूर्तमेढ, आणि परंपरेने तिला उंबराची फांदी लागते. एखाद्या संस्थेची किंवा चळवळीची मुहूर्तमेढ रोवली असे वर्तमानपत्रे रोज लिहितात तेव्हा त्या शब्दाच्या बुंध्याशी ओला चीक येणारी उंबराची फांदी असते. हा चीकच महत्त्वाचा. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत शेतीग्रंथात खळ्याच्या मधोमध रोवायच्या मेढीसाठी झाडे सांगितली आहेत: वड, सातवीण, शिवण, सावर, उंबर, किंवा चीक येणारे दुसरे कोणतेही झाड. बैल ज्या खांबाभोवती फिरून धान्य मळणार तो दुधाळ झाडाचा असला की रासही दुधासारखी वाढते, अशी ही भावना. लग्नाची मेढ आणि खळ्याची मेढ यांचे नाते इथे उघड होते. दोन्हीकडे मागणे एकच, भरभराट.

उंबराचे सर्वांत मोठे चरित्र मात्र ‘गुरुचरित्रा’त आहे. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांत त्याच्या पोटातले विष भिनले आणि हातांची आग होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीने उंबराची फळे आणली, त्यांत नखे रुतवल्यावर दाह शमला, अशी कथा एकोणिसाव्या अध्यायात येते. पण चाळिसाव्या अध्यायातली गोष्ट तर काठीचीच आहे. नरहरी नावाचा एक कुष्ठरोगी गाणगापुरात नृसिंह सरस्वतींकडे आला. त्याच वेळी कोणीतरी सरपणासाठी उंबराचे वाळके लाकूड घेऊन चालले होते. गुरूंनी ते लाकूड नरहरीला दिले आणि सांगितले की भीमा-अमरजेच्या संगमाजवळ हे रोव आणि रोज तीन वेळा पाणी घाल. नरहरी घालत राहिला. लोक हसले, वेडा म्हणाले. शेवटी गुरू तिथे आले, कमंडलूतले पाणी त्या लाकडावर शिंपडले, आणि त्याला पालवी फुटली. नरहरीचे कुष्ठही गेले.

जगभरच्या कथांत जादूची छडी दुसऱ्या वस्तूंना बदलते. भोपळ्याची गाडी होते, उंदराचा घोडा होतो. या मराठी कथेत काठी स्वतःच पुन्हा झाड होते. तिचा चमत्कार म्हणजे तिचे मूळ तिला परत मिळणे. आणि त्यासाठी मंत्राआधी रोजचे पाणी लागते, लोक हसत असताना घातलेले. या गोष्टीची पकड शतकानुशतके का टिकली, ते इथे कळते.

उंबर आणि पाणी यांची सोयरीक गावोगावच्या पाणाड्यांनाही माहीत असते. विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या हातात दुबेळक्याची ओली फांदी घेऊन शेतात फिरतो. फांदी जिथे खाली वळते तिथे तो खूण करतो. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. त्या खडकात पाणी भेगांत आणि थरांच्या सांध्यांत लपलेले असते, त्यामुळे इकडे लागले आणि वीस हातांवर नाही, हा अनुभव नेहमीचा. कर्ज काढून विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याला अशा वेळी कोणाचा तरी आधार हवा असतो. पाणाड्याची फांदी नियंत्रित चाचण्यांत टिकलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिच्यावर विसंबून खणलेल्या आणि कोरड्या निघालेल्या विहिरींनी अनेक घरे बुडवली आहेत.

युरोपातल्या खाणकामगारांचीही अशीच फांदी होती. जर्मन विद्वान जॉर्जियस ॲग्रिकोलाच्या, १५५६ साली छापल्या गेलेल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. चांदीसाठी हेझलची, तांब्यासाठी ॲशची, शिसे आणि कथील यांसाठी पाइनची, अशी वाटणी तिथले कामगार मानत. ॲग्रिकोलाचा स्वतःचा तिच्यावर विश्वास नव्हता. चांगल्या खाणकऱ्याला जमिनीच्या खुणा वाचता येतात, त्याला फांदीचे काम नाही, असे त्याचे म्हणणे.

नेमके हेच खुणा वाचण्याचे काम त्याच्या हजार वर्षे आधी अवंतीच्या वराहमिहिराने केले होते. सहाव्या शतकातल्या ‘बृहत्संहिते’त दकार्गल नावाचा अख्खा अध्याय भूजलावर आहे, आणि त्यात कुठे काठी नाही. उभे झाडच तिथे खूण आहे. उंबर असेल तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल पाणी. जांभळाच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुषांवर गोड पाणी. बोर आणि पळस एकत्र वाढले असतील तर पश्चिमेला सव्वातीन पुरुषांवर. पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. हे आकडे जसेच्या तसे कोणी पाळू नयेत. पण खोल मुळांच्या आणि पाणथळ आवडणाऱ्या झाडांकडे पाहून जमिनीखालचा अंदाज बांधायचा, ही दृष्टी शहाणपणाची होती. पाणाड्याने फांदी तोडून हातात घेतली आणि झाडाला पाठ केली, तिथे ही दृष्टी हरवली.

झाडाशी नाते सांगणारी आणखी एक रीत म्हणजे देवक. मराठा आणि इतर अनेक जातींत कुळाचे देवक एखादे झाड असते. कदमांचे कळंब हे त्याचे ओळखीचे उदाहरण. कोणाचे पंचपल्लव, कोणाचे उंबर, कोणाचे शमी. लग्नाआधी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणून मांडवात बसवतात, आणि एरवी त्या झाडावर त्या कुळातला माणूस कुऱ्हाड चालवत नाही. आर. ई. एन्थोव्हेन यांनी १९२० ते १९२२ या काळात मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवर तीन खंड प्रसिद्ध केले, त्यांत अशा देवकांच्या याद्या आहेत. एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक होत नसे. म्हणजे नवरा-नवरीचे जुळणार की नाही, हेही एके काळी झाडावर ठरत होते.

शास्त्राच्या दंडाची उंची नाकाशी किंवा केसांशी थांबते. लोकांच्या काठीला अशी मर्यादा नाही. चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर ज्योतिबाच्या यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हा ते कळते. तीस फुटांहून उंच बांबू, त्याला गुंडाळलेले कापड, चारी बाजूंनी ताणलेले दोर, आणि तळाशी कमरेच्या पट्ट्यावर तो तोलून धरणारा एक माणूस. गुलालाने डोंगर लाल होतो, चांगभल्याचा गजर होतो, आणि ही अवाढव्य काठी माणसाच्या अंगावर डोलते. सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीला पहिला मान. माघात जेजुरीला संगमनेरच्या होलमांची आणि सुप्याच्या खैऱ्यांची शिखरी काठी खंडोबाच्या कळसाला भेटते. गावागावांची इभ्रत या बांबूंवर तोललेली असते. काठी पडू नये म्हणून दोर धरणारे हात अनेक जातींचे असतात, हेही नोंदवावे.

सातपुड्यात तर गावाचे नावच काठी. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले हे जुने आदिवासी संस्थान. तिथली राजवाडी होळी १२४६ पासून चालत आल्याचे परंपरा सांगते. जंगलातून निवडून आणलेला उंचच उंच बांबू रात्री उभा केला जातो. त्याचा खड्डा अवजाराशिवाय, हातांनी उकरतात. अंगावर ठिपके रंगवलेले, डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधलेले लोक रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. या बांबूला वर्ण नाही आणि मंत्रही नाही. ढोल आहे.

या सगळ्यांहून शांत काठी वारीत असते. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम आला की समाजआरतीआधी दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतात आणि लाखोंचा समुदाय क्षणात गप्प होतो. हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, म्हणजे चोपदाराला कळावे की इकडे यायचे आहे. मग तो तिथे जातो, ऐकून घेतो, आणि तोडगा निघाल्यावरच आरती सुरू होते. चोप चांदीने मढवलेला असतो, आतले लाकूड दिसत नाही. पण गप्प करणारी ही काठी आधी ऐकून घेते, यात कुठेतरी त्या सुश्रवा पळसाची आठवण आहे, असे वाटल्यावाचून राहत नाही.

फाल्गुनात विदर्भात किंवा खानदेशात रस्त्याने जाताना पाने झडलेला पळस पेटल्यासारखा दिसतो. त्याच्या फुलांचा रंग होळीला, पानांच्या पत्रावळी पंगतीला, लाख बांगड्यांना, सालीमुळ्यांचे दोर गुरांना. पळसाला पाने तीनच, ही म्हण कुठेही गेले तरी परिस्थिती तीच या अर्थाने आपण वापरतो. ती ज्याने पहिल्यांदा म्हटली त्याने झाड जवळून पाहिले होते. कागदी ताटल्या आल्यावर पत्रावळी लावणाऱ्या बायांची कमाई घटली. माळ नांगरले गेले, वस्त्या वाढल्या. शहरातल्या मुंजीला पळसाचा दंड मिळेना, याचे कारण दुकानात नाही, माळावर आहे. पण हे झाड चिवट आहे. खारवट, निकस जमिनीत उगवते, गुरे त्याला फारशी तोंड लावत नाहीत. एका शाळेच्या कुंपणाला दहा बिया टोचल्या तर काही वर्षांत गावाला दंड पुरतील.

मुंजीच्या मुलाने काठी, मेखला आणि कमंडलू मोडले तर काय करावे, हेही मनूने सांगून ठेवले आहे. मोडलेली वस्तू पाण्यात सोडावी आणि मंत्र म्हणून नवी घ्यावी. सोडमुंजीलाही दंड नदीलाच जातो. मामा आपली मुलगी देण्याचे कबूल करून काशीला निघालेल्या भाच्याला वाटेत अडवतो, सगळे हसतात, मुलगा नवे कपडे घालतो, आणि कोणीतरी मोठे माणूस ती काठी घेऊन पाण्याकडे चालू लागते. पळसाची असेल तर ती पाण्यात बराच काळ टिकेल.